देणगीच्या पैशांतून महाविद्यालयाने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा स्टुडिओ उभारावा का?

प्रश्न : तिलकनगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

इंदुरातील एका मराठी शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत मी काम करतो. संस्थेचे पदवी महाविद्यालय आहे आणि तेथे येणाऱ्या मुलामुलींपैकी बरीचशी खरगोन, बडवानी आणि धार या जिल्ह्यांतील आहेत. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जे आता अमेरिकेत स्थायिक आहेत, आईच्या स्मरणार्थ ६० लाख रुपयांची देणगी देऊ केली असून ती शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठीच खर्च व्हावी, अशी त्यांची अट आहे. अटीमागचे कारण त्यांनी पत्रात लिहिले आहे. त्यांच्या आईचे शिक्षण मॅट्रिकला थांबले होते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दुपारी लागत, तेव्हा ती माउली भांडी तशीच ठेवून टीव्हीसमोर येऊन बसे आणि कार्यक्रम संपल्यावर मुलाला प्रश्न विचारी. त्यांतील बहुतेकांची उत्तरे त्याला येत नसत.

कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. अध्यक्षांचे मत असे की महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली स्टुडिओसाठी घ्यावी. तीन कॅमेरे, स्विचर, दिवे, हिरवा पडदा, ध्वनिरोधक भिंती आणि वातानुकूलन मिळून ४३ लाखांचे कोटेशनही आले आहे. आमच्या खजिनदारांना हे मान्य नाही, पण दुसरे काय करावे हे त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या रविवारच्या बैठकीत पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या, चहाची दुसरी फेरी झाली, तरी निर्णय झाला नाही.

उच्च शिक्षणसंस्थांनी असे कार्यक्रम आजवर कोणाच्या पैशांवर आणि कोणत्या व्यवस्थेने केले, आमच्यासारख्या लहान संस्थेला प्रक्षेपणाचा मार्ग कोणता, आणि पहिली रक्कम संपल्यावर काम चालू कसे राहते, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त निर्माता

आपला प्रश्न वाचून प्रथम त्या माउलीला नमस्कार करावासा वाटला, कारण आम्ही ज्यांच्यासाठी राबत होतो त्यांच्यापैकी कोणी खरोखरच पाहत आहे की नाही, हे आम्हांला क्वचितच कळे. एका विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात मी निर्माता म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

आपल्या देणगीदारांच्या आईने पाहिलेले कार्यक्रम ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या योजनेतील असणार. ही योजना १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाली. उपग्रह इन्सॅट-१बी, प्रक्षेपण दूरदर्शनचे आणि पैसा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, अशी तिची मांडणी होती. आयोगाने स्वतःचा एकच मोठा स्टुडिओ दिल्लीत न बांधता पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, दिल्लीतील जामिया अशा ठिकाणी विद्यापीठांच्या आवारातच माध्यम केंद्रे काढली, आणि पुढे त्यांत इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाचीही भर पडली. आरंभी परदेशातून आणलेल्या कार्यक्रमांवर भिस्त होती, कारण प्रक्षेपणाची वेळ हाती आली तेव्हा दाखवायला पुरेसा देशी माल तयार नव्हता. या सगळ्या केंद्रांमध्ये समन्वय साधण्यासाठी १९९३ मध्ये कन्सॉर्टियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन, म्हणजे सीईसी, ही संस्था स्थापन झाली आणि २००४ मध्ये ‘व्यास’ ही उच्च शिक्षणाची स्वतंत्र वाहिनी आली.

आता पैशांविषयी. अनुदानाच्या कागदपत्रांत आवर्ती आणि अनावर्ती असे दोन रकाने असतात. इमारत, कॅमेरा, संकलनाची यंत्रे हा अनावर्ती खर्च. पगार, प्रवास, संहितालेखकाचे मानधन, दुरुस्ती, विजेचे बिल हा आवर्ती. अनावर्ती पैसा मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण त्याचे उद्घाटन करता येते. संहितेचे उद्घाटन कोणी करत नाही. विद्यापीठांची केंद्रे टिकली, ती आयोगाने आवर्ती खर्चाचा भार वर्षानुवर्षे उचलला म्हणून. आपल्या संस्थेच्या मागे असा आयोग उभा नाही, आणि ४३ लाख स्टुडिओत घातले तर हाती १७ लाख उरतील. त्यातून एक कॅमेरामन आणि एक संकलक दोन-अडीच वर्षे ठेवता येतील. पुढे काय?

पुढे काय होते ते मी पाहिलेले आहे. निवृत्तीनंतर एका खासगी महाविद्यालयाने मला सल्ल्यासाठी बोलावले होते. स्टुडिओ देखणा होता, दारावर संगमरवरी पाटी होती. आत गेल्यावर कुबट वास आला. वीज वाचवण्यासाठी वातानुकूलन बंद ठेवले होते आणि दोन पावसाळ्यांनंतर तिन्ही भिंगांवर आतून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. त्या कॅमेऱ्यांनी तोवर काय टिपले होते, म्हणून विचारले, तर दोन सत्कारसमारंभ आणि प्रवेशाची एक जाहिरात.

याउलट, माझ्या नोकरीतील एक अनुभव सांगतो. भूगोलाच्या एका प्राध्यापकांना माळव्याच्या काळ्या मातीवर कार्यक्रम करायचा होता. फळ्यावर आकृती काढून सांगता आले असते की या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. त्यांनी हट्ट धरला की हे दिसलेच पाहिजे. मे महिन्यात आम्ही एका शेतात गेलो. भेग इतकी रुंद होती की सरांनी सुताराची घडीची पट्टी आत सोडली आणि ती कोपरापर्यंत हात घालूनही तळाला टेकेना. तिथेच चार खुंट्या ठोकून कॅमेऱ्याच्या तिवईची जागा पक्की केली. मग वळवाच्या पहिल्या सरीनंतर, आठवड्याने आणि जूनअखेर त्याच खुंट्यांवर तिवई ठेवून तीच चौकट पुन्हा पुन्हा टिपली. कार्यक्रमात हा भाग जेमतेम दीड मिनिटाचा होता. भेग ओठ मिटावे तशी मिटते आणि तिच्या जागी बारीक रेघ उरते. लेखापरीक्षकांनी रास्तपणे विचारले की एकाच शेतात चार वेळा जाण्याचे प्रयोजन काय. उत्तरादाखल मी त्यांना ते दीड मिनिट दाखवले. त्या कामात स्टुडिओचा वापर शून्य होता. खर्च झाला तो जीपच्या डिझेलवर आणि माणसांच्या वेळावर.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. स्टुडिओ बांधू नका. इंदुरात विद्यापीठाचे माध्यम केंद्र आहे. यंत्रे आणि तंत्रज्ञ असलेल्या अशा केंद्राशी रीतसर करार करावा आणि आपला पैसा विषय, संहिता, बाह्यचित्रण व चाचणी यांवर लावावा. ४५ लाख मुदत ठेवीत ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला ३ लाख १५ हजार मिळतील, आणि उरलेल्या १५ लाखांतून पहिली तीन वर्षे जोमाने काम करता येईल. संस्थेकडे प्राप्तिकर सवलतीच्या बारा-ए आणि ऐंशी-जी या नोंदण्या असतील, तर कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी सीएसआर-१ ही नोंदणीही करून घ्यावी. कारखान्यांचे पीथमपूर हाकेच्या अंतरावर आहे. मात्र कंपन्यांचा पैसा सहसा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला मिळतो, त्याच्या भरवशावर कायमची नोकरी देऊ नये.

प्रक्षेपणासाठी स्वतःच्या वाहिनीचा विचारही मनात आणू नये. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो, दूरचित्रवाणीला तशी सोय नाही. उपलब्ध मार्ग ‘स्वयंप्रभा’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्यांचा आहे. जुलै २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी हा उपक्रम सुरू झाला. जीसॅट-१५ उपग्रहावरून चालणाऱ्या या वाहिन्यांवर रोज किमान चार तासांचे नवे कार्यक्रम असावेत आणि ते दिवसात आणखी पाच वेळा दाखवावेत, अशी रचना ठरली. प्रेक्षकाने वेळ चुकवली तरी कार्यक्रम हुकत नाही. बिगर-तांत्रिक पदवी अभ्यासक्रमांचे काम सीईसीकडे असल्याने आपला प्रस्तावही माध्यम केंद्राच्या मार्फत तिकडेच जाईल.

उत्तर २ : दांडिया बाजार, वडोदरा

निर्माता महोदयांशी मी सहमत आहे, परंतु चाचणी हा शब्द त्यांनी ओझरता वापरला, आणि मला वाटते पैशांची सगळ्यांत जास्त गरज तिथेच आहे.

मी वडोदऱ्यात विस्तारशिक्षण हा विषय शिकवत असे. पण दूरचित्रवाणीची माझी ओळख त्याआधीची, खेडा जिल्ह्यातील आहे. वडिलांची नोकरी पेटलादला होती. नडियादजवळच्या पीज या गावी अंतराळ संस्थेने १९७५ मध्ये एक लहान प्रक्षेपक बसवला आणि सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच दिले. आमच्या ओळखीच्या एका गावात तो संच दूध मंडळीच्या खोलीत, कुलूप लावलेल्या लाकडी पेटीत असे आणि किल्ली मंत्र्यांकडे. (गुजरातेत मंडळीच्या चिटणीसाला मंत्री म्हणतात, मंत्रिमंडळाशी त्याचा संबंध नाही.) मंत्री लग्नाला गेले की त्या दिवशी गावाला टीव्ही नाही. पुरुष आत सतरंजीवर बसत आणि बायका दाराबाहेर, चपलांच्या पलीकडे उभ्या राहत. पोषणाहारावरचा कार्यक्रम ज्यांच्यासाठी केलेला, त्यांना चित्र अर्धेच दिसे.

खेडा प्रकल्पाचे मोठेपण हे की अशा गोष्टी टिपून ठेवणारी माणसे पगारावर होती. समाजशास्त्राचे अभ्यासक गावात जाऊन राहत, लोकांना काय ठाऊक आहे आणि काय नाही याची नोंद घेत, मग संहिता लिहिली जाई. कार्यक्रमाचा नमुना आधी काही जणांना दाखवून, लोक कुठे कंटाळले, कुठला शब्द कळला नाही, हे पाहून तो दुरुस्त होई. या प्रकल्पाला १९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, त्यामागे हे अंगमेहनतीचे काम आहे.

त्याच काळातील ‘साइट’ प्रयोगाचीही आठवण द्यावीशी वाटते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांना, ज्यांत आपले मध्य प्रदेशही होते, थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसत होते. उपग्रह नासाचा, एक वर्षासाठी उसना घेतलेला. वर्ष संपले, उपग्रह गेला आणि त्यावर विसंबलेल्या गावांतील प्रक्षेपण थांबले. आमच्या इस्रोने त्या एका वर्षातून पुष्कळ शिकून घेतले हे खरे. पण संचासमोर बसायची सवय लागलेल्या गावकऱ्याच्या बाजूनेही एकदा विचार करून पाहावा.

तुमच्या महाविद्यालयात निमाड-धारकडची मुले आहेत, हे तुमचे भांडवल आहे. प्रत्येक कार्यक्रमाचा कच्चा नमुना त्यांतल्या वीस जणांना दाखवा, शेवटी कोरा कागद द्या आणि न कळलेले शब्द लिहायला सांगा. प्राध्यापकांनी त्या वेळी खोलीत थांबू नये. या कामासाठी एक अभ्यासक सहायक अर्धवेळ नेमावा आणि पैसे कमी पडले तर कार्यक्रमांची संख्या कमी करावी, चाचणी नव्हे.

उत्तर ३ : सहायक प्राध्यापक, भंवरकुआ

मी ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचासाठी एका अभ्यासक्रमाचे काम केले आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो.

मूळ अडचण कॅमेऱ्याची नाही, पैशांची तर त्याहून कमी. ती शिक्षकाच्या वेळेची आहे. अशा अभ्यासक्रमात व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वाध्याय आणि चर्चापीठ असे चार भाग द्यावे लागतात. अर्ध्या तासाच्या एका भागासाठी मला आठवड्यातील तीन-चार संध्याकाळी लागत, आणि मी ज्या महाविद्यालयात तेव्हा होतो तेथे माझ्या तासिका एकानेही कमी झाल्या नाहीत. परिणामी सहाव्या भागानंतर मी पडद्यावर वाचून दाखवू लागलो. ते बघताना मला स्वतःलाच झोप येते.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने ही गोष्ट सुरुवातीलाच ओळखली होती. जानेवारी १९७१ मध्ये तिचे कार्यक्रम बीबीसीवरून सुरू झाले, तेव्हा निर्मितीचा खर्च विद्यापीठ आपल्या निधीतून बीबीसीला देत असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बीबीसीचा निर्माता अभ्यासक्रम रचणाऱ्या समितीचा पूर्ण सदस्य असे. शिक्षकाने आधी सगळे लिहायचे आणि मग कॅमेरामनने येऊन ते ‘शूट’ करायचे, अशी आपल्याकडची उतरंड तेथे नव्हती.

त्यामुळे माझी सूचना अशी की देणगीतून विषयशिक्षकाच्या जागी एका सत्रासाठी अतिथी विद्वान नेमावा आणि त्या शिक्षकाला अर्ध्या तासिकांतून मोकळे करावे. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या पदवीच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून पूर्ण करता येतात. आपल्याच शिक्षकाने केलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक विद्यार्थ्यांना मिळाले, तर प्रेक्षक शोधत फिरावे लागणार नाही.

टीव्ही कशाला, यूट्यूब पुरे, असेही कोणी म्हणेल. मीही म्हणत असे. पण माझ्या वर्गातील मुली सुटीत गावी गेल्या की मोबाइल भावाच्या हातात असतो; घरातला फ्री डिशचा टीव्ही मात्र दुपारी मोकळा असतो.

मूळ प्रश्नकर्ते : तिलकनगर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही तिन्ही उत्तरे छापून मी कार्यकारिणीत वाटली. खजिनदार फारच प्रसन्न झाले. अध्यक्षांनी मात्र एक शंका काढली आहे. देणगीदार अमेरिकेत राहतात, त्यांना काहीतरी उभे राहिलेले दिसायला हवे, नाहीतर पैसे ठेवीत पडून आहेत असे त्यांना वाटेल. त्यांना काय लिहावे? शिवाय, तयार झालेल्या कार्यक्रमांवर मालकी कोणाची, शिक्षकाची, आमची की केंद्राची, यावरही बैठकीत आवाज चढले.

उत्तर : निवृत्त निर्माता

त्यांना त्यांच्याच देशातील दोन उदाहरणे लिहून कळवा. ह्यूस्टन विद्यापीठाशी जोडलेले केयूएचटी हे केंद्र २५ मे १९५३ रोजी सुरू झाले. तेथील पहिले बिगर-व्यावसायिक शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्र म्हणून ते ओळखले जाते. ते शक्य झाले, कारण आदल्याच वर्षी तेथील नियामक आयोगाने २४२ वाहिन्या शिक्षणासाठी राखून ठेवल्या होत्या. म्हणजे प्रक्षेपणाची जागा सरकारने दिली आणि विद्यापीठ त्या जागेवर उभे राहिले. आपल्याकडे ती जागा ‘स्वयंप्रभा’च्या रूपाने आज आयती आहे. दुसरे उदाहरण प्रकाशक वॉल्टर ॲनेनबर्ग यांचे. १९८१ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन पातळीवरील दूरचित्रवाणी अभ्यासक्रम तयार करण्यासाठी १५ कोटी डॉलर देऊ केले, तेही पंधरा वर्षांत विभागून. एवढ्या पैशांत मोठमोठे स्टुडिओ बांधता आले असते, पण ती देणगी कार्यक्रमांसाठी होती. आपल्या देणगीदारांनाही रक्कम पाच वर्षांत विभागून देण्याविषयी विचारून पाहावे. ठेवीच्या व्याजावर डोळे लावून बसावे लागणार नाही. त्यांच्या आईंचे नाव दारावरच्या पाटीऐवजी प्रत्येक कार्यक्रमाच्या पहिल्या चौकटीत द्यावे. ‘स्वयंप्रभा’वर तशी परवानगी मिळते का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावे. न मिळाल्यास महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रतींवर ते नाव घालण्यास कोणाची हरकत असणार नाही.

मालकीचा प्रश्न चित्रीकरणाच्या आधी मिटवावा, नंतर तो कधीच मिटत नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, कायद्याने नियोक्त्याकडे जातो. म्हणून वेगळा करार अवश्य करावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात : संहितेचा मजकूर पुढे पुस्तकरूपाने वापरण्याची शिक्षकाला मुभा, मूळ चित्रफितींची एक पूर्ण प्रत महाविद्यालयाकडे, आणि पार्श्वसंगीत व छायाचित्रे यांच्या परवानग्या कोणी मिळवायच्या याचा स्पष्ट उल्लेख. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण एका सिनेगीताची चार सेकंदांची धून काढून टाकण्यासाठी आम्हांला एकदा प्रक्षेपणाच्या आदल्या रात्री सबंध कार्यक्रम पुन्हा संकलित करावा लागला होता. कराराचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.